माझं नाव लिहून गेलीस

लता, रडून झालंय. आता भांडायचंय. तू समोर असतीस तर पदर खोचून, हात नाचवून भांडले असते आणि तू नेहमीसारखी गुडघ्यांना मिठी मारून हसत बसली असतीस. बारा दिवस मी तोंड मिटून काढले. कोणी माझ्या नावाने हळहळत होतं, कोणी मला बघून दचकत होतं. तुझ्याशी बोलायला निवांत अशी वेळच मिळाली नाही.

तू मेलीस ती मेलीस, वर माझ्या नावाने मेलीस. याचा राग कुठे काढू?

त्या मंगळवारी दुपारी मी भंडारदऱ्याहून परत आले. ऑफिसचं दोन दिवसांचं काम होतं. ऑफिस म्हणजे आपल्या मॅडमचं. शरणपूर रोडला माडीवर, बाहेर टायपिंगची पाटी, आत दोन टायपरायटर, दोन टेलिफोन आणि आम्ही सात-आठ जणी. कारखान्यांच्या कामाला मुंबईहून साहेब लोक यायचे, त्यांच्या सोबतीला मॅडम आम्हाला पाठवायच्या. 'सोबत' हा मॅडमचा शब्द. तू सरळ 'धंदा' म्हणायचीस, आणि मॅडम कानांवर हात ठेवायच्या. तर मी पिशवी घेऊन पंचवटीतल्या माझ्या खोलीचा जिना चढतेय, आणि घरमालकीण अक्का मला बघून अशी किंचाळली की हातातलं गव्हाचं सूप पायऱ्यांवर पालथं.

"अगं बाई, सुमन! तू? मग मी सकाळी कोणाला बघून आले?"

सकाळी हवालदार आला होता. सुमन पवार, वय एकतीस, पत्ता हाच, काल लॉजवरून सरकारी दवाखान्यात आणली, तिथे वारली, ओळख पटवायला कोणीतरी चला. अक्का बिचारी गेली. तोंडावरचं कापड बाजूला करायची तिची छाती झाली नाही. तिने फक्त साडी बघितली. हिरवी, कैऱ्यांच्या काठाची. माझी साडी. दिवाळीला नेलीस ती, 'देते गं पुढच्या आठवड्यात' म्हणून. अक्काने रडत हो म्हटलं, अंगठा दिला आणि घरी येऊन माझ्या दाराला हार घालायचा का नाही याचा विचार करत बसली होती.

रिक्षात बसल्यापासून मला कळलं होतं की ती तू आहेस. माझं नाव लॉजच्या रजिस्टरात लिहिणारी दुसरी कोण होती? रस्ताभर मी मनात पाठ करत होते, दवाखान्यात गेल्यावर खरं काय ते सांगायचं. मी सुमन पवार, मी जिवंत आहे, ही लता आहे. खिडकीपाशी उभी राहिले. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मयत तुमची कोण?" आणि माझी जीभ टाळूला चिकटली. खरं सांगितलं तर तो पुढचं विचारणार होता. तिने तुमचं नाव का लिहिलं? लॉजवर काय करत होती? तुम्ही दोघी काय काम करता? माझ्या मागे पंधरा माणसं उभी होती.

"बहीण," मी म्हटलं.

"नाव?"

"लता."

सहीसुद्धा तुझ्याच नावाची केली. म्हणजे तू सुमन झालीस आणि मी लता, आणि तशाच आपण अमरधामला गेलो. तुला अग्नी देताना भटजींनी नाव विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं. स्वतःच्या नावाने अग्नी दिलेला मी तरी दुसरा कोणी पाहिला नाही.

आणि तिथे मॅडम आल्या. हो, आल्या! पांढरी साडी, डोळ्यांत पाणी, खाली गाडी उभी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडे असती तर वाचली असती गं." वाटलं, तिथलंच एक लाकूड उचलून पाठीत घालावं. पण लता, तुला खरं सांगते, राग त्या बोलल्याचा नव्हता. त्या खरं बोलल्या, याचा राग होता.

डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स फुटलं, दोन-तीन तास आधी आणायला हवी होती. ऑफिसच्या कामावर असतीस तर ड्रायव्हर खाली बसलेला असता. सकाळी सातला त्याने दार वाजवलं असतं. माझ्या नाही का एकदा त्र्यंबक रोडच्या बंगल्यावर पोटात दुखायला लागलं, तर तासाभरात मी डॉक्टरांच्या टेबलावर. मॅडमनी स्वतः मोसंबी आणून दिली होती. तू तेव्हा म्हणालीस, "आणि तिसऱ्या दिवशी काय विचारलं ते सांग की." तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, शनिवारपर्यंत उभी राहशील ना. तेही खरंच आहे. पण मी शनिवारी उभी राहिले, लता. तू नाही राहिलीस.

आपलं भांडण इथेच अडायचं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी ऑफिसात आले, तू पुढच्या वर्षी. तू तेवीस वर्षांची, सिन्नरजवळच्या खेड्यातून आलेली, नवऱ्याने टाकलेली, पण मान वर. पहिल्याच दिवशी मॅडमनी कपाट उघडून साडी काढून दिली. कामावर जाताना ऑफिसची साडी नेसायची, परत आल्यावर इस्त्री करून कपाटात ठेवायची, हा नियम. नावही तसंच. तुला 'रेश्मा' दिलं, मला 'शालिनी'. तू विचारलंस, "नाव पण इस्त्री करून द्यायचं का?" सगळ्या हसल्या, मॅडमसुद्धा हसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही इथे टिकायची नाही.

आणि दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. बुधवारच्या बाजारात आपण तासन्‌तास फिरायचो. तू भेळवाल्याशी भांडून जास्तीची कैरी घ्यायचीस आणि माझ्या पानात टाकायचीस. माझी आई गेली तेव्हा मी तीन दिवस अंथरुणातून उठले नव्हते. तू आलीस, स्टोव्ह पेटवलास, पिठलं केलंस, आणि माझ्या तोंडात घास कोंबत म्हणालीस, "जेव, मग रड. उपाशीपोटी रडलं की डोकं दुखतं." माझी अशी समजूत आजवर दुसऱ्या कोणी घातलेली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय, आणि आता काही उपयोग नाही, म्हणून अजूनच चिडचिड होतेय.

मॅडमनी रंगीत टीव्ही घेतला, त्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तू कामावरून मनगटाला फडकं बांधून आलीस. कुठल्याशा मोठ्या साहेबाने हात पिरगळला होता. मॅडमनी हळद लावली, हळहळल्या. आणि शुक्रवारी परत त्याच साहेबाकडे जायची पाळी तुझीच लावली. तू म्हणालीस, "मी नाही जाणार." मॅडम म्हणाल्या, "रेश्मा, ऑफिसात 'नाही' म्हणायचं काम माझं. तुमच्या वतीने मी म्हणते."

"मग म्हणा ना."

"एवढ्या मोठ्या कंपनीला कसं म्हणू?"

तू आत गेलीस. इस्त्री तापवलीस. साडी नीट घडी घालून मॅडमच्या टेबलावर, दोन टेलिफोनच्या मधोमध ठेवलीस. "साडी दिली. नावही ठेवलंय," म्हणालीस आणि चपला घालून जिना उतरून गेलीस. मग मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शालिनी, साडी ठेव कपाटात." आणि मी उठले आणि ठेवली. तू हे बघितलं नाहीस. मी तुला कधी कळू दिलं नाही. तुझ्यामागून जिना उतरायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. मी घाबरले होते, बस.

महिन्याभरात मॅडमनी 'रेश्मा' हे नाव एका नव्या मुलीला दिलं. जुने साहेब फोनवर रेश्माला विचारायचे, आणि मॅडम मंगलला पाठवायच्या. मंगल चोविसेक वर्षांची, तुझ्यापेक्षा उंच, पण कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

तू जेल रोडला खोली घेतलीस आणि एकटीने सुरू केलंस. काय तो तुझा तोरा! रविवार बंद, कारण रविवारी सिन्नरची एसटी आणि आईचं घर. महिन्यातले चार दिवस बंद. आणि ती तुझी चहाची परीक्षा. आधी स्टेशनजवळच्या हॉटेलात माणसाला चहाला बोलवायचं. तो तुझ्याशी कसा बोलतो ते बघायचंच नाही, वेटरशी कसा बोलतो ते बघायचं. खेकसला की चहा संपवून, पदर सावरून तू उठायचीस. एकदा तर चहा अर्धा टाकून उठलीस आणि तो बावळट पंधरा मिनिटं वाट बघत बसला. हे सांगताना तुला हसू आवरत नव्हतं. म्हणायचीस, "सुमे, तुझ्या ऑफिसात कुठे नेतायत ते ड्रायव्हरला माहीत, मॅडमला माहीत, फक्त जिला नेतायत तिला नाही. मी निदान माझ्या पायांनी जाते." मी म्हणायचे, "पायांनी जातेस, पण परत आली नाहीस तर कोणाला कळणार?"

त्यावर तू ती शक्कल काढलीस. लॉजवर बाकीच्या बाया सौ. अमुक-तमुक लिहून मोकळ्या होतात. तुला खरं नाव लिहायचं नव्हतं, आईला वाटत होतं तू अंबडच्या कंपनीत पॅकिंगला आहेस. खोटं लिहायचं नव्हतं, कारण काही झालं तर कोणाला तरी निरोप जायला हवा. "तुझं नाव-पत्ता लिहू का? काही झालं तर हवालदार तुझ्या दारात येईल आणि तू बघशील." मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "लिही, मला तरी कोण विचारतंय." केवढ्या हुशार आपण दोघी! हवालदार माझ्या दारात येईल एवढा विचार केला. तो माझ्याच मरणाचा निरोप घेऊन येईल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

दोन वर्षं चाललं ते. मग कोणा लॉजच्या मॅनेजरने मॅडमना सांगितलं, तुमची ती सुमन पवार आमच्याकडे येते हल्ली. मॅडमना वाटलं मी बाहेरचं काम करतेय. त्यांनी पंधरा दिवस मला घरी बसवलं. मी तणतणत जेल रोडला आले. तू केस धूत होतीस. मी दारातूनच ओरडले, "आजपासून माझं नाव लिहायचं नाही. तुझी हौस तू फेड, मला कशाला त्यात ओढतेस?"

तू टॉवेल गुंडाळत म्हणालीस, "मग कोणाचं लिहू? दुसरं कोणाचं नाहीये माझ्याकडे."

"मला नाही माहीत," म्हणाले आणि निघाले. चहाही घेतला नाही. हे आपलं शेवटचं बोलणं. तीन आठवड्यांनी तू त्या रजिस्टरात पुन्हा माझंच नाव लिहिलंस. एवढं बजावून सांगितलं होतं तरी! ऐकायचं म्हणून कधी ऐकलं नाहीस माझं.

मी त्या लॉजवर जाऊन आले. मॅनेजर पुन्हा पुन्हा पान खात होता. म्हणाला, बाईंच्या पोटात दुखतंय म्हणून साहेब पहाटे औषध आणायला गेले ते आलेच नाहीत. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मी काय करणार बाई, पोलिसांचं लफडं. दहाला दार उघडलं ना." दहाला! खालच्या मजल्यावर बसून हा माणूस पोलिसांना घाबरत होता आणि वर तू तळमळत होतीस. त्याच्या पुढ्यातलं रजिस्टर मी ओढून घेतलं. तुझं ते तिरकं अक्षर. सुमन पवार. माझ्या नावाखाली तू एक रेघ मारली होतीस.

नंतर स्टेशनजवळच्या हॉटेलातही गेले. तो वेटर तुला ओळखत होता. मी विचारलं, त्या दिवशीचा माणूस कसा होता? "लय चांगला होता ताई," तो म्हणाला. "मला थँक्यू म्हणाला. बसा म्हणाला." ऐकलंस? तुझ्या चहाच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झालेला तो, आणि तुला दुखायला लागल्यावर तोच पळाला. त्या वेटरच्या समोर मी एकटीच मोठ्याने हसले. तो घाबरून आत गेला.

आता तुझ्या आईचं सांगते. मरणाचा दाखला माझ्या नावाचा निघाला होता; तो कागद बदलायचा तर तुझं जवळचं माणूस हवं, असं महापालिकेच्या खिडकीवर सांगितलं. कागद तसाच राहिला असता तर माझं फार काही अडलं नसतं, रेशनकार्डाचा घोळ तेवढा. पण मग तू कुठेच मेली नसतीस, लता. तुझी आई दर रविवारी एसटीची वाट बघत राहिली असती. म्हणून मीच एसटीत बसले. अंगणात ती शेण लावत होती. मी सांगितलं, पोटाचं दुखणं होतं, दवाखान्यात गेली. ती हात तसेच भरलेले ठेवून भिंतीला टेकली. मग एकच विचारलं, "कोन व्हतं तिच्यापाशी?"

"मी होते," मी म्हटलं.

"तू सुमन ना?"

"हो."

"लय सांगायची तुजं." आणि मग ती रडली. मला खोटं बोलायला लावलंस तू, तेही अशा माणसाशी. पण सरकारी कागदावर तरी सुमन पवार तिथे होतीच.

परवा तिला घेऊन खिडकीवर गेले. मी माझं रेशनकार्ड पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाले, "सुमन पवार मी. जिवंत आहे. गेली ती लता." कारकुनाने चष्मा वर केला. "मग त्या तुमचं नाव का लावत होत्या?" रांग कान देऊन उभी. या वेळी माझी जीभ चिकटली नाही. मी म्हणाले, "ती एकटी काम करायची. काही झालं तर कोणाला तरी कळावं म्हणून." तो म्हणाला, "कसलं काम?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझ्या आईने माझा हात दाबला आणि खिडकीत वाकून म्हणाली, "तुला कामाशी काय करायचंय रे? लेक माजी हाय. मी सांगतीय ना, लता नाव हाय तिचं. लिही." आणि अंगठा पुढे केला. तिला किती माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. सिन्नरच्या गाडीत बसवून दिली तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाली, "रविवारी येत जा."

तर आता तुझं मरण तुझ्या नावावर आहे आणि माझं नाव माझ्याकडे आहे. माझी ती हिरवी साडी काही मिळाली नाही.

मी अजून ऑफिसातच आहे. तू विचारायच्या आधी सांगून टाकते. उद्या रात्री अकराला गाडी येईल. ड्रायव्हर खाली बसेल, सकाळी सातला दार वाजवेल. तू चुकलीस असं म्हणायला मी आतुर आहे, पण मी बरोबर आहे असंही मला म्हणता येत नाही, आणि ते तू मेल्यावर कळावं याबद्दल तुला माफ करणार नाही.

काल दुपारी मंगल आली. तुझं 'रेश्मा' चालवते ती. दारातच म्हणाली, "सुमनताई, मी ऑफिस सोडतेय. एकटीने करणार." मी तिच्यावर अशी तुटून पडले की अक्का वर आली. तुझं सगळं तिला सांगितलं. लॉज, मॅनेजर, दहा वाजता उघडलेलं दार. ड्रायव्हर असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. अगदी मॅडमसारखी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. निळं पडलं होतं.

"शुक्रवारी परत तिथेच पाठवतायत," म्हणाली.

मी तिला चहा केला. हात धुऊन तिच्या मनगटाला तेल लावलं. तिने कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "ताई, लॉजवर नाव काय लिहू? खरं लिहिलं तर घरी कळेल."

"माझं लिही," मी म्हटलं. "सुमन पवार, पंचवटी. पण जाताना मला सांगून जायचं, कुठे आणि किती वाजता येणार ते. आली नाहीस तर मी हवालदाराची वाट बघणार नाही. मीच येईन आणि दार फोडीन."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्हाला राग नाही ना येणार?"

"येईल," मी म्हटलं. "तू लिही."